परदेशात पोलिओ लसीकरणाला व्हॉलंटिअर म्हणून जायचंय? मग तयारी अशी करा

मला दुसऱ्या देशात जाऊन लहान मुलांना पोलिओचे डोस पाजायचेत, तर जाता येतं का, डॉक्टर असावं लागतं का, कोण नेतं, खर्च कोणाचा, असं बरेच जण विचारतात. तर जाता येतं, डॉक्टर-नर्स नसलात तरी येतं, फक्त जायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं होतं. डोस पाजायला माणसं त्या त्या देशात आहेत, हजारोंनी आहेत, आणि ती बहुतेक तिथल्याच गल्लीतली, गावातली असतात, त्यात बायका खूप. कमी पडतं ते राहून गेलेलं मूल शोधणं. मोहिमेत पहिली बरीचशी मुलं पटापट होतात, आई स्वतःच घेऊन येते. जे मूल घरात झोपलेलं होतं, शेतावर गेलं होतं, पाहुणं आलं होतं, ज्याच्या आजोबांनी दारातूनच नको म्हणून सांगितलं, ते राहतं आणि व्हायरस नेमका त्याच्याकडे जातो. तुम्ही गेल्यामुळे असं एक तरी मूल जास्त सापडणार असेल तर जाण्यात अर्थ आहे. खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबाने.

आधी परिस्थिती काय आहे ते थोडक्यात

१९८८ साली जगभरात पोलिओ निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सव्वाशे देशांत पोलिओ होता आणि वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं पांगळी होत होती. डब्ल्यूएचओ, रोटरी, युनिसेफ आणि अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी यांनी मिळून तो सुरू केला, पुढे गेट्स फाउंडेशन आणि लसींसाठी काम करणारी 'गावी' (Gavi) ही आंतरराष्ट्रीय संस्था त्यात आल्या. नैसर्गिक पोलिओ व्हायरसचे तीन प्रकार होते, त्यातला दुसरा संपल्याचं २०१५ मध्ये आणि तिसरा संपल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं, आता फक्त पहिला प्रकार उरलाय आणि तो पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत सतत फिरत राहिलाय. २०२१ मध्ये अख्ख्या जगात नैसर्गिक पोलिओच्या फक्त ६ केसेस होत्या, तेव्हा सगळ्यांना वाटलं की झालं आता, आणि २०२४ मध्ये एकट्या पाकिस्तानात ७४ आणि अफगाणिस्तानात २५ झाल्या. थोडी ढिलाई झाली, मोहिमा बंद पडल्या, काही भागात घरोघरी जाऊ दिलं नाही, की हा लगेच उसळी मारतो.

नैसर्गिक पोलिओशिवाय आणखी एक असतो, लसीतून आलेला पोलिओ, आणि हा विषय व्हॉलंटिअरला नीट माहीत असलाच पाहिजे कारण लोक विचारतातच. तोंडाने द्यायच्या लसीत जिवंत पण कमजोर केलेला व्हायरस असतो. तो मुलाच्या आतड्यात काही दिवस राहतो, शौचातून बाहेर पडतो, आणि जिथे बहुतेक मुलांना लस मिळालेलीच नाही अशा वस्तीत तो एका मुलातून दुसऱ्यात असा खूप महिने फिरत राहिला तर बदलत बदलत परत पांगळं करणारा होऊ शकतो. आफ्रिकेत आणि येमेनमध्ये आज ज्या केसेस निघतात त्या या जातीच्या. गाझात २०२४ च्या जुलैमध्ये सांडपाण्यात हाच सापडला आणि ऑगस्टमध्ये १० महिन्यांच्या एका बाळाला लुळेपणा आला, मग सप्टेंबरमध्ये लढाईत ठरवून थोडा थोडा वेळ थांबत १० वर्षांखालच्या साडेपाच लाखांहून जास्त मुलांना डोस दिले गेले. असा उद्रेक थांबवायचा उपायसुद्धा लसच आहे, सगळ्या मुलांना, एकही न सोडता. लसीतून आलेल्या व्हायरसमधल्या दुसऱ्या नंबरच्या प्रकारासाठी (टाइप २) आता २०२१ पासून नवी लस वापरतात, तिच्यातला व्हायरस असा सहज बदलत नाही. हे कोणी विचारलं तर लपवू नका, साध्या शब्दांत खरं सांगा, लपवलेलं नंतर कळलं की लोकांचा विश्वास जातो आणि मग पुढची पाच वर्षं ते घर दार उघडत नाही.

कुठे जाता येतं आणि कुठे जायचा हट्ट धरू नये

पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात सगळ्यात जास्त गरज आहे म्हणून तिथेच जाणार असं काही जण म्हणतात, भावना समजते, पण तिथे बाहेरून आलेला हौशी माणूस घरोघरी फिरणं हे त्याच्यासाठी धोक्याचं आहेच, पण त्याच्याबरोबर चालणाऱ्या टीमसाठी त्याहून जास्त आहे. २०११ मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादला अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने हेपटायटिसच्या लसीकरणाचं खोटं नाटक केलं ते उघड झालं आणि त्यानंतर लस देणारे म्हणजे परदेशी हेर हा संशय पक्का बसला. २०१२ पासून तिथे कितीतरी लसीकरण कर्मचारी आणि त्यांच्याबरोबरचे पोलीस मारले गेलेत. अशा ठिकाणी परदेशी चेहरा टीमबरोबर दिसला की तो संशय खरा ठरवल्यासारखं होतं. तिथलं काम तिथल्याच बायका करतात आणि ज्या जिद्दीने करतात त्यापुढे हात जोडावेत. त्यांना मदत पैशाने करा, आवाज उठवून करा, स्वतः तिथे जाऊन नको.

हौशी व्हॉलंटिअरसाठी खरा रस्ता म्हणजे ज्या देशांत सरकार आणि स्थानिक संस्था बाहेरच्या पाहुण्या टीमला बोलावतात ते देश. नायजेरिया, इथिओपिया, भारत अशा ठिकाणी राष्ट्रीय लसीकरण दिवसांना रोटरीच्या परदेशी टीम वर्षानुवर्षं गेल्यात. आफ्रिका खंड २५ ऑगस्ट २०२० ला नैसर्गिक पोलिओतून मुक्त झाला पण लसीतून आलेल्या व्हायरसमुळे तिथे मोहिमा चालूच आहेत. भारतात शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची, आणि २७ मार्च २०१४ ला मुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, तरीही डोस चालू आहेत कारण शेजारी व्हायरस आहे. मलावीत २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या जातीचा व्हायरस निघाला होता, म्हणजे तो विमानाने कुठेही पोहोचतो.

कोणामार्फत जायचं

सगळ्यात सोपा मार्ग रोटरी. १९८५ पासून पोलिओ हे त्यांचं मुख्य काम आहे. वेगवेगळ्या देशांतले रोटरी डिस्ट्रिक्ट आपापल्या टीम बांधतात, मेंबर असतात, त्यांचे घरचे असतात, कधी मित्रमंडळीही असतात, यजमान देशातल्या क्लबशी बोलणं झालेलं असतं, आणि आठ-पंधरा दिवसांचा दौरा असतो. खर्च तुमचा तुम्ही करायचा, तिकीट, राहणं, विमा सगळं, कारण देणगीचा पैसा लसीकडे गेला पाहिजे. मेंबर नसाल तर जवळच्या क्लबात जाऊन सरळ विचारा, तरुण असाल तर रोटरॅक्ट ही रोटरीची तरुणांची शाखा आहे. महिनाभर आधी विचारून उपयोग नाही, या टीम बऱ्याच आधी ठरतात.

दुसरा मार्ग यूएन व्हॉलंटिअर्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम. हे लांब मुदतीचं आणि जबाबदारीचं काम आहे, अनुभव बघतात, निवड होते, पण राहण्याखाण्यापुरता भत्ता आणि विमा मिळतो. तरुणांसाठी १८ ते २६ वयाचा वेगळा गट आहे आणि २७ च्या पुढे स्पेशलिस्ट गट. युनिसेफ आणि डब्ल्यूएचओच्या देशातल्या ऑफिसांना माणसं लागतात तेव्हा ती बऱ्याचदा यातूनच घेतात. नुसतं प्रेमाने मदत करायचीय एवढ्यावर हे होत नाही, लोकांशी संवाद, डेटा, नकाशे, लॉजिस्टिक्स, शीतसाखळी म्हणजे लस थंड ठेवून शेवटपर्यंत पोहोचवणं, सार्वजनिक आरोग्य, यातलं काहीतरी हातात पाहिजे. ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी त्यांचं ऑनलाइन व्हॉलंटिअरिंगही आहे, भाषांतर, पोस्टर, डेटा साफ करणं वगैरे, आणि ते काम कमी दर्जाचं अजिबात नाही.

तिसरा, आरोग्य क्षेत्रात काही वर्षं काढलेल्यांसाठी, सीडीसी आणि डब्ल्यूएचओचा स्टॉप कार्यक्रम, १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेला, ज्यातून डॉक्टर, साथरोगतज्ज्ञ, संवादतज्ज्ञ, डेटावाले लोक प्रशिक्षण देऊन महिनोनमहिने देशोदेशी पाठवले गेले. त्याची भरती सध्या चालू आहे का ते आधी पाहूनच त्यावर प्लॅन बांधा.

आणि एक इशारा. पैसे भरा आणि आफ्रिकेत जाऊन मुलांना लस द्या, असं पॅकेज विकणाऱ्यांपासून लांब राहा. यूएनची कुठलीही संस्था अर्जासाठी, इंटरव्ह्यूसाठी, ट्रेनिंगसाठी पैसे मागत नाही. कोणी दौरा काढत असेल तर दोनच प्रश्न विचारा, त्या देशाच्या आरोग्य खात्याचं पत्र आहे का, आणि आम्ही कुठल्या स्थानिक टीमबरोबर कोणाच्या देखरेखीखाली काम करणार. उत्तर गोल गोल आलं तर सोडून द्या. मोहिमेची आखणी, लस, रजिस्टर सगळं सरकारचं असतं, त्याच्या बाहेर कोणी आपल्या आपण थेंब वाटत फिरत असेल तर ते चुकीचं आहे.

कागदपत्रं आणि स्वतःच्या लसी

व्हिसा टुरिस्टचा काढून काम करू नका, यजमान संस्थेकडून निमंत्रणपत्र घ्या आणि त्या देशाच्या वकिलातीला विचारा की यासाठी कुठला व्हिसा लागतो. पोलीस क्लिअरन्स काढून ठेवा, मुलांमध्ये काम आहे तर चांगली संस्था ते मागतेच, मागितलं नाही तर मला तरी संशय येईल. विमा असा घ्या की ज्यात आजारी पडल्यावर विमानाने हलवायचा खर्चही येतो, आणि तिकीट बदलता येईल असं घ्या, कारण मोहिमेच्या तारखा पाऊस, निवडणूक, सुरक्षा, लस वेळेवर न येणं यामुळे पुढे सरकतात, अगदी शेवटच्या आठवड्यातही.

आता तुमच्या स्वतःच्या लसी. लहानपणी पोलिओचा कोर्स पूर्ण झाला असला तरी जायच्या आधी इंजेक्शनच्या लसीचा एक बूस्टर घ्या, निदान डॉक्टरशी बोला. जिथे पोलिओ फिरतोय अशा देशात ४ आठवड्यांहून जास्त राहणार असाल तर तिथून निघण्याआधी ४ आठवडे ते १२ महिने या काळात घेतलेल्या डोसची नोंद आंतरराष्ट्रीय लसीकरण प्रमाणपत्रावर मागू शकतात, २०१४ पासून डब्ल्यूएचओची तशी शिफारस आहे. म्हणजे तुम्ही व्हायरस घेऊन परत यायला नको, हे त्यामागचं कारण. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांना पिवळ्या तापाची लस लागते, ती निदान १० दिवस आधी घ्यावी लागते, त्याच्याआत प्रमाणपत्र चालत नाही, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. मलेरियाच्या गोळ्या, टायफॉइड, हेपटायटिस ए, धनुर्वात हे डॉक्टरला दीड-दोन महिने आधी भेटून ठरवा, शेवटच्या दिवसात धावपळ करू नका.

काम नक्की काय असतं

दौऱ्यात पहिल्या दिवशी छोटं ट्रेनिंग होतं, ते कितीही साधं वाटलं तरी लक्ष देऊन ऐका, कारण पुढची सगळी गडबड तिथे न ऐकल्याने होते. मग तुम्हाला दोन-तीन जणांच्या स्थानिक टीमला जोडतात. टीमकडे एक मायक्रोप्लॅन असतो, म्हणजे आज कुठल्या गल्ल्या, कुठल्या क्रमाने, किती घरं, कुठली वस्ती कायम सुटते. हा कागद हातात आला की आधी वाचा आणि विचारा की मागच्या वेळी इथली कुठली मुलं राहिली होती. या एका प्रश्नाने टीमलाही कळतं की तुम्ही फोटो काढायला आलेले नाही.

व्हॅक्सिन कॅरिअर म्हणजे तो निळा किंवा पांढरा डबा, आत आइसपॅक आणि लसीच्या कुप्या. तोंडाची पोलिओ लस उष्णतेला फार नाजूक आहे, म्हणून डबा सावलीत ठेवायचा, उगाच उघडायचा नाही. प्रत्येक कुपीवर एक गोल आणि आत चौकोन असतो, चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, दोन्ही सारखे झाले किंवा चौकोन जास्त गडद झाला तर ती कुपी बाजूला, कितीही मोठी रांग असली तरी. पुढे गेलात आणि इंजेक्शनची लस हाताळायची वेळ आली तर उलटं लक्षात ठेवा, ती गोठली की वाया जाते, तिला बर्फाला चिकटू द्यायची नाही. आणि वर सांगितलेली टाइप २ ची लस असेल तर रिकामी झालेली कुपीसुद्धा मोजून परत द्यावी लागते, एकही इकडे तिकडे जाता कामा नये, हे मोजणीचं काम व्हॉलंटिअरने आनंदाने अंगावर घ्यावं कारण संध्याकाळी दमलेल्या टीमला ते नकोसं होतं.

डोस म्हणजे दोन थेंब जिभेवर. मुलाचं डोकं आईच्या हातावर थोडं मागे, गालावर हलकं दाबलं की तोंड उघडतं, ड्रॉपर जिभेला किंवा ओठाला लागू द्यायचा नाही. थुंकलं तर परत द्यायचा. थोडा ताप, सर्दी, जुलाब असले तरी देतात, नवजात बाळालाही देतात. तुम्हाला कोणी थेंब पाजायला सांगितलं तर पाजा, पण स्वतःहून ड्रॉपर मागू नका, तुम्ही पाजलेल्या चार डोसांपेक्षा त्या ताईने पाजलेले चारशे डोस महत्त्वाचे आणि ती पुढच्या महिन्यातही त्याच दारात जाणार आहे, तिथे तिचा मान वाढला पाहिजे. माझं स्पष्ट मत आहे की परदेशी पाहुण्याने पुढे पुढे करून थेंब पाजले आणि स्थानिक बाई मागे डबा धरून उभी राहिली असं दिसलं तर मदतीच्या नावाखाली नुकसान केलं.

मग तुम्ही काय करता? बोट रंगवता. डोस झाला की बहुतेक ठिकाणी डाव्या करंगळीच्या नखावर आणि भोवतीच्या कातडीवर मार्करने खूण करतात, ती वाळेपर्यंत बोट धरायचं, नाहीतर ते थेट तोंडात जातं. टॅली शीटवर, म्हणजे मोजणीच्या कागदावर, रेघ मारता, प्रत्येक मुलामागे लगेच, संध्याकाळी आठवून नाही. दारावर किंवा भिंतीवर खडूने खूण करता, टीमचा नंबर, तारीख, किती मुलं, पुढे कुठल्या दिशेने गेलो त्याचा बाण. हे सगळं कंटाळवाणं आहे आणि यावरच मोहीम उभी आहे, कारण उद्या तपासायला येणारा माणूस याच खुणा बघणार.

राहून गेलेलं मूल कसं शोधायचं

दारात जाऊन पाच वर्षांखालचं कोणी आहे का असं विचारलं की नाही असं उत्तर पटकन येतं. दार उघडणाऱ्या बाईला वाटतं की शाळेत जाणाऱ्या मुलाबद्दल विचारतायत, किंवा दोन दिवसांचं बाळ मोजायचं असतं हे तिला माहीत नसतं. म्हणून विचारायचं वेगळं, या घरात एकूण किती कुटुंबं राहतात, प्रत्येकाला किती मुलं, सगळ्यात लहान कोण, कोणाकडे नुकतं बाळ झालंय का, कोणी झोपलंय का, कोणी आजारी आहे का, कोणी पाहुणं आलंय का, कोणी बाहेर खेळायला किंवा आईबरोबर कामावर गेलंय का. हे प्रश्न अर्थात तिथली ताई तिथल्या भाषेत विचारते, तुम्ही फक्त पाठ करून ठेवा आणि एखादा सुटला तर हळूच आठवण करा. बाहेर गेलेल्या मुलाचं घर वेगळं लिहून ठेवायचं आणि त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी परत जायचं. इथे मात्र पाहुण्या माणसाचा खरा उपयोग आहे, दिवसभर चालून दमलेल्या टीमला तुम्ही म्हणालात की चला, त्या तीन घरी परत जाऊन येऊ, तर ती जाते.

घराबाहेरची मुलंही बघा. बसस्टँड, स्टेशन, बाजार, सीमेवरचं नाकं, बांधकामाची जागा, वीटभट्टी, भटक्या गुराख्यांचे तळ. भारतात २००९ साली ७४१ केसेस होत्या, जगातल्या जवळजवळ निम्म्या, आणि तिथून दोन वर्षांत शून्यावर आणताना प्रवासात असलेल्या आणि स्थलांतरित मुलांवर वेगळं लक्ष दिलं गेलं, चालत्या गाड्यांमध्येसुद्धा डोस दिले, हे उदाहरण बाहेरच्या देशांत आजही सांगतात.

तुम्ही स्थानिक भाषा बोलत नसाल आणि हाताशी दुभाषा असेल तर आणखी एक काम मागून घ्या, तपासणीचं. टीम निघून गेल्यावर दुसरा माणूस त्या वस्तीत फिरून मुलांची बोटं बघतो. तिथलं कोणाशी लागेबांधे नसलेला माणूस यासाठी चांगला कारण त्याला आकडा फुगवून दाखवायचं कारण नसतं. यात एक ठरलेली पद्धत आहे, एका भागात ६ ठिकाणं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, प्रत्येक ठिकाणी १० मुलं बघायची, ६० पैकी ३ पेक्षा जास्त मुलांच्या बोटावर खूण नसली तर ९० टक्क्यांची पातळी गाठली असं मानत नाहीत आणि तिथे परत काम करावं लागतं. राहिलेल्या मुलाच्या घरी कारणही विचारायचं, टीम आलीच नाही, मूल घरी नव्हतं, की नको म्हणाले, कारण तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

कोणी नको म्हणालं तर

वाद घालू नका, हे पहिलं. तुम्ही परदेशी आहात, तुमचा आवाज चढला की सगळी गल्ली गोळा होते. २००३ मध्ये उत्तर नायजेरियात कानो भागात अशी अफवा पसरली की लसीने मुलं होत नाहीत, तिथे लसीकरण बंद पडलं आणि तिथला व्हायरस पुढे कितीतरी देशांत पोहोचला, आणि ते मिटलं ते बाहेरच्यांच्या भाषणांनी नाही, तिथल्या धर्मगुरूंनी आणि पारंपरिक प्रमुखांनी स्वतः पुढे होऊन आपल्या घरच्या मुलांना डोस पाजले तेव्हा. म्हणून नकाराच्या घरी तुम्ही एक पाऊल मागे राहा, टीम त्या घराची नोंद करते आणि मग वस्तीतला मान असलेला माणूस, शिक्षिका, इमाम, सरपंचासारखा कोणी, तो जातो.

आणि नकार म्हणजे अडाणीपणा असं मनातसुद्धा आणू नका. ज्या घरात नळाला पाणी नाही, दवाखान्यात औषध नाही, गटार दारात वाहतं, तिथे दर महिन्याला कोणीतरी फक्त दोन थेंब घेऊन येतो तर आई विचारणारच की बाकीचं कुठंय. तिच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल, पण ते ऐका आणि लिहून वर कळवा. कितीतरी ठिकाणी डोसाबरोबर व्हिटॅमिन ए, जंताच्या गोळ्या, साबण, तपासणी कॅम्प हे जोडल्यावर दारं उघडली आहेत. इतक्या वेळा डोस का, हाही प्रश्न येतो. जिथे घाण पाणी आणि जुलाब जास्त असतात तिथे तोंडाची लस मुलाच्या पोटात नीट बसत नाही म्हणून अनेक डोस लागतात, आणि जास्त झाल्याने अपाय होत नाही. हेही माहीत असू द्या की लागण झालेल्या अंदाजे २०० मुलांपैकी एकालाच कायमचा लुळेपणा येतो, बाकीच्यांना बहुतेक काहीच कळत नाही, म्हणजे वस्तीत कोणी पांगळं दिसत नाही म्हणून व्हायरस नाही असं होत नाही. आणि त्या एकाला उपचार नाही. श्वासाचे स्नायू गेले तर जीवही जातो.

लुळेपणाची बातमी

फिरताना कोणी सांगितलं की अमुक घरात मुलाचा पाय अचानक लुळा पडलाय, तर तो सगळ्यात मोठा ऐवज समजा आणि त्याच दिवशी सुपरवायझरच्या कानावर घाला. १५ वर्षांखालचं मूल आणि अचानक आलेला ढिला लुळेपणा, कारण काहीही वाटत असलं तरी कळवायचं. लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने, निदान २४ तासांच्या अंतराने, थंड ठेवून लॅबला जावे लागतात, उशीर झाला की व्हायरस सापडत नाही. तुम्ही स्वतः काही तपासायचं नाही, मुलाला हात लावून बघायचं नाही, घर, आईचं नाव, कधीपासून, एवढं लिहून द्यायचं. व्हॉलंटिअर घरोघरी जातो, डॉक्टर जात नाही, त्यामुळे अशी बातमी तुम्हाला आधी कळण्याची शक्यता खरोखर असते.

वागणूक आणि सुरक्षितता

स्थानिक बायका जसे कपडे घालतात तसे अंग झाकणारे घाला, पुरुषांनीही. कित्येक भागात परक्या पुरुषाने उंबरठ्याच्या आत जायचं नसतं, त्यामुळे बायका-मुली व्हॉलंटिअर असतील तर त्यांचं मोल खूप आहे, त्या आत जाऊन झोपलेलं बाळ बघू शकतात. मुलांना चॉकलेट, पैसे, खेळणी वाटू नका, पुढच्या वेळी टीमकडे ते नसेल तर मुलं येणार नाहीत. मुलाला उचलून घ्यायचं तर आई देईल तेव्हाच.

फोटोबद्दल कडक राहा. आईबापाची परवानगी, तीही समजेल अशा भाषेत विचारून, आणि नाही म्हणाले तर मोबाईल खिशात. लुळ्या पायाचा फोटो तर काढूच नका. टीममधल्या ताईंचा चेहरा, नाव, गावाचं नाव हे सगळं एकत्र कधीच पोस्ट करू नका. २०१३ च्या फेब्रुवारीत कानोत नऊ लसीकरण कार्यकर्त्यांना गोळ्या घातल्या होत्या, त्या सगळ्या स्थानिक बायका होत्या, तुम्ही आठ दिवसांनी परत जाल पण टीम तिथेच राहते. लाइव्ह लोकेशन नको, पोस्ट टाकायचीच तर देश सोडल्यावर टाका. टीम सोडून एकटं कुठे जाऊ नका, सुपरवायझर आज थांबा म्हणाला की थांबायचं, कारण विचारत बसायचं नाही.

तब्येतीचं साधं आहे, टोपी, बंद बूट, सीलबंद किंवा उकळलेलं पाणी, ओआरएस, मच्छरदाणी. हात साबणाने वारंवार धुवा, विशेषतः लस हाताळल्यावर आणि जेवायच्या आधी. दिवस पहाटे सुरू होतो आणि चालणं खूप असतं, त्यामुळे जायच्या आधी महिनाभर रोज उन्हात दोन-तीन तास चालायची सवय लावून घ्या, टीमला तुमच्यासाठी थांबावं लागलं तर घरं सुटतात.

भाषा येत नसली तरी दहा-बारा वाक्यं पाठ करून जा, नमस्कार, तुमचं बाळ किती दिवसांचं, धन्यवाद, परत येतो. उत्तर नायजेरियात हौसा, चाड, नायजर आणि काँगोकडे फ्रेंच, मोझांबिकमध्ये पोर्तुगीज चालते. फ्रेंच येणाऱ्यांना तर लांब मुदतीच्या कामात फार मागणी असते, ज्यांना खरंच यात उतरायचंय त्यांनी वर्षभर आधी भाषेचा क्लास लावावा, तिकिटाच्या आधी.

जाणं जमलं नाही तर

प्रामाणिक हिशोब करा. आठ दिवसांच्या दौऱ्याच्या खर्चात किती डोस आणि किती टीमचे भत्ते निघतात हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा, आणि उत्तर कधी कधी असं येतं की पैसे पाठवलेले बरे. रोटरीला दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे गेट्स फाउंडेशन दोन डॉलर घालतं, वर्षाला ५ कोटी डॉलरपर्यंत, म्हणजे एकाचे तीन होतात. तरीही मी जाऊ नका असं म्हणणार नाही, कारण जाऊन आलेला माणूस पुढे वर्षानुवर्षं यासाठी पैसे उभे करतो, नगरसेवकापासून खासदारापर्यंत बोलतो, आणि घराजवळ कोणी लसीला घाबरत असेल तर त्याच्याशी नीट बोलू शकतो. फक्त गेलात तर परत आल्यावर हे सगळं करायचंच असं ठरवून जा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी टीमच्या मीटिंगला बसा, तुमच्या वहीतली राहिलेली घरं, नकाराची कारणं, मायक्रोप्लॅनमध्ये नसलेली वस्ती, खराब झालेल्या कुप्या हे सगळं सुपरवायझरला लिहून द्या, तोंडी सांगितलेलं विसरतात. कोणावर तक्रार म्हणून नका लिहू, पुढच्या फेरीच्या कामाला येईल असं लिहा, घराची खूण, मुलांची संख्या, परत जायची योग्य वेळ. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरला कुठून आलात ते आधी सांगा, मलेरिया काही आठवड्यांनीसुद्धा निघतो, आणि गोळ्यांचा कोर्स घरी आलो म्हणून मधेच सोडू नका.